आल्या वाटेनं

भोजराज सलामे बाजारातून भाजी घेऊन आला की त्याची बायको दुर्पता विचारायची, आज कोणत्या जिल्ह्यातून आलात? प्रश्न थट्टेचा असला तरी खोटा नव्हता. गोंदियाला लागूनच असलेल्या मुर्रीत त्यांचं घर, बाजार काही फार लांब नाही. पण हा माणूस जाताना सडकेनं जाणार, येताना शेतांच्या कडेकडेनं येणार, आणि दोन्ही वाटा अंगवळणी पडल्या की तिसरी शोधणार. तोवर पिशवीतली कोथिंबीर माना टाकायची. एकदा ती स्वतः मोटारसायकलवर मागे बसली होती. बांधावरून गाडी घसरली आणि दोघंही धानाच्या चिखलात पडली. पदर पिळता पिळता ती म्हणाली, "मानूस भाजी आनून राहिला का दरोडा टाकून पळून राहिला?" तेव्हा तो पोट धरून हसला होता. आता ती थट्टा करत नाही आणि तोही हसत नाही.

भोजराजचा जन्म गोंदिया जिल्ह्यातल्याच प्रतापगडाच्या पायथ्याच्या जंगलातला. महाशिवरात्रीला त्या डोंगरावर महादेवाच्या नावानं माणसांची रीघ लागते, त्याच डोंगरावर दर्ग्याला चादर घेऊनही माणसं चढतात, आणि सलाम्यांच्या घरचे लोक दोन्हीकडे हात जोडून शेवटी आपल्या बडादेवाकडेच परत यायचे. बाप वनमजूर होता. त्यानं पोराला शाळेच्या आधी जंगल वाचायला शिकवलं. जे सांबर रोज एकाच वाटेनं पाण्यावर येतं ते म्हातारं होत नाही, असं तो म्हणायचा. पोराला ते सांबराबद्दलच वाटायचं.

पुढे भोजराज पोलिसात शिपाई म्हणून लागला आणि जंगलातल्या एका सशस्त्र चौकीवर त्याची नेमणूक झाली. तिथले हवालदार केशोराव पहिल्याच दिवशी त्याला म्हणाले, "पोट्ट्या, दोन गोष्टी ध्यानात ठेव. गेल्या वाटेनं वापस यायचं नाही. आन् एका घरचं पानी दोनदा प्यायचं नाही." ते दिवस तसेच होते. पुलाखाली, मोरीखाली जंगलातल्या बंदूकवाल्यांनी कुठे सुरुंग पुरलेला असेल याचा नेम नसे. पाणी देणाऱ्या घराचा काही दोष असो नसो, दुसऱ्या दिवशी त्या घरालाही त्यांच्यापुढे जाब द्यावा लागे. भोजराजचा सोबती ओमेश एका संध्याकाळी घाईत होता, कारण घरी बहिणीला बघायला पाहुणे येणार होते. त्याची गाडी आल्या वाटेनं परतली, आणि मोरीपाशी त्याची जळकी चप्पल तेवढी सापडली. त्यानंतर भोजराजला केशोरावांचं वाक्य कुणाला पुन्हा सांगावं लागलं नाही.

खात्यातला आणखी एक नियम मात्र कुणी शिकवत नाही, तो आपोआप जिभेवर बसतो. साहेब सगळं सांगून झालं की विचारतो, "काही शंका?" आणि समोरची रांग एका सुरात म्हणते, "नाही सर." शंका असते, चांगली मूठभर असते, पण तो प्रश्न शंकेसाठी नसतोच. मंत्रपुष्पांजली संपली की लोक चपला शोधायला लागतात, तसाच तो प्रकार. ज्यानं कुणी एखाद्या वेळी खरंच हात वर केला, त्याची बदली कुठे झाली याच्या कथा रंगवून सांगितल्या जातात. भोजराज मुळातच कमी बोलणारा. त्याला हा नियम फार सोयीचा पडला. त्याच नियमाच्या आधारानं तो खात्यातली परीक्षा देऊन फौजदार झाला आणि कुणाच्या डोळ्यांवर न येता वर चढत गेला.

मग कधीतरी युनोच्या मोहिमेवर पोलीस अधिकारी पाठवायचे निघाले. आफ्रिका म्हटल्यावर बाकीच्यांना मलेरिया आठवला. भोजराज म्हणाला, मलेरिया तर आमच्या घरचाच आहे. इंग्रजीत तो काठावर पास झाला आणि गाडी चालवण्यात पहिला आला. ज्यानं जन्मभर नाल्यातून जीप उलटी काढली, त्याला मैदानावरच्या खांबांमधून गाडी मागे घेणं म्हणजे पोरखेळ. दुर्पतानं डोळे पुसले, लोणचं बांधून दिलं आणि तिथल्या पोलिसांना काय शिकवणार असं विचारलं. त्यालाही ते नीट माहीत नव्हतं.

त्या देशाचं नाव मी सांगत नाही. भोजराजनंच पुढे ते घेणं सोडलं, मग मी कोण सांगणार? देश नवा होता. लढाई कागदावर संपली होती. कालपर्यंत बंदूक घेऊन झाडीत हिंडणाऱ्या माणसांना पोलिसांचे कपडे देऊन ठाण्यांवर बसवलं होतं, आणि त्यांचे पोलीस व्हावेत म्हणून देशोदेशीचे पोलीस सल्लागार आले होते. सल्लागारानं फक्त सल्ला द्यायचा. हातात हत्यार नाही, तोंडात हुकूम नाही. लग्नघरात आचाऱ्याजवळ उभं राहून मीठ कमी आहे म्हणणाऱ्या पाहुण्याचं जे काम, तेच हे. पण भोजराजला ते आवडलं. डोक्यावर निळी टोपी, भोवती तांबडी माती, आणि पायाखाली काही पुरलेलं असेल अशी भीती नाही. कितीतरी वर्षांनी तो जमिनीकडे न बघता चालला.

त्याच्या ठाण्यावर सांतिनो नावाचा पोलीस होता. उंच, काटक, आधी सैन्यात असलेला. तो काठी घेऊन बाजारात शिरला की बायका टोपल्या उचलून पळायच्या, आणि पळाल्या नाहीत तर त्याला चुकल्यासारखं वाटायचं. भोजराज आणि तो, दोघांचंही इंग्रजी सारखंच लंगडं, त्यामुळे बोलण्यात कुणी कुणाच्या पुढे जात नसे. बाकीचे सल्लागार हवाबंद डब्यातलं खायचे. भोजराज सांतिनोच्या घरी ज्वारीची पेज प्यायचा, कारण ती त्याच्या आईच्या हातच्या आंबिलीसारखी लागायची. त्यानं सांतिनोला एवढंच सांगितलं, की आमच्याकडे ठाणेदार गावात गेला की आधी बसतो, पाणी मागतो, मग बोलतो. उभ्या पोलिसाला कुणी काही सांगत नाही. सांतिनो खूप दिवस हसला. मग एकदा काठी घरी ठेवून गेला आणि बाजारातल्या झाडाखाली बसला. पहिल्या दिवशी त्याच्याजवळ फक्त एक कुत्रं आलं.

सल्लागारांचा प्रमुख युक्का फिनलंडचा होता. भला माणूस, त्याच्याबद्दल वाईट बोलायला भोजराजपाशी आजही काही नाही. युक्काच्या गावात पोलीस रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या रस्त्यानं पायी जातो, दुकानदार त्याला हाक मारतात, म्हाताऱ्या त्याच्याजवळ किल्ल्या ठेवून जातात. लोकांना पोलीस कुठे भेटेल हे ठाऊक असलं की भरवसा बसतो, असं त्याचं म्हणणं, आणि मोहिमेच्या पुस्तकातही तेच छापलेलं. त्यानं फळ्यावर रस्ता काढला. ठाणं, पाण्याचा पंप, चर्च, बाजारातलं झाड, आणि त्याच रस्त्यानं परत. रोज. मग खडू खाली ठेवून तो भोजराजकडे वळला. तू जंगलात नोकरी केलीस, म्हणाला. यात तुला काही अडचण दिसते का?

भोजराजला अडचण दिसत होती. केशोरावांचं वाक्य, बापाचं सांबर आणि ओमेशची जळकी चप्पल, सगळं एकदम डोळ्यांपुढे उभं राहिलं. पण प्रमुखानं सगळ्यांसमोर विचारलं होतं, आणि असा प्रश्न आला की काय म्हणायचं हे त्याच्या जिभेला त्याच्या आधी माहीत होतं. आणखीही एक होतं, ते खोटं कशाला सांगू. त्याला ती रेघ खरी व्हावी असं वाटत होतं. पोलीस रोज एकाच रस्त्यानं जातो आणि त्याच रस्त्यानं घरी येतो, असा मुलूख जगात कुठेतरी असावा, आणि तो आपल्या हातानं उभा व्हावा. "नो सर," भोजराज म्हणाला. युक्कानं अजून काही येईल म्हणून वाट बघितली आणि मग फळा पुसला.

आणि खरंच, रेघ खरी झाली. सांतिनो रोज त्या रस्त्यानं जायचा, झाडाखाली बसायचा. कुत्र्यानंतर पोरं आली, पोरांमागून आया आल्या. कुणाची शेळी गेली, कुणाचा नवरा मारतो, कुणाच्या पोरीला शिपाई छळतात, सगळं त्या झाडाखाली यायला लागलं. चहा विकणारी एक म्हातारी होती, तिनं त्याच्यासाठी आपल्या घरचं लाकडी स्टूल आणून ठेवलं. त्यावर दुसरं कुणी बसलं तर ती खेकसायची. सांतिनो भोजराजला सांगायचा, की पूर्वी मला बघून या पळायच्या, आता मला उशीर झाला तर रागावतात. हे पहिल्यांदा ऐकलं त्या दिवशी भोजराजनं दुर्पताला फोन केला आणि एवढा बोलला, एवढा बोलला, की तिला तो प्यायला आहे असं वाटलं.

सांतिनोला त्याच स्टुलावर मारलं. पोलिसांनी काही बंदूकवाल्यांना पकडून दिलं होतं, त्यांच्या साथीदारांना बदल्यासाठी एक पोलीस हवा होता. तो शोधायला त्यांना कष्ट पडले नाहीत. अख्ख्या गावाला माहीत होतं तो कुठल्या वेळी कुठे असतो, कारण तेच तर सगळ्यांनी मिळून वर्षभर गावाला शिकवलं होतं. हातातला चहाही संपला नव्हता. दुसऱ्या दिवशी ती म्हातारी ठाण्यावर आली, स्टूल फाटकाजवळ ठेवलं आणि दुभाष्याला म्हणाली, मी हे ठेवलं नसतं तर तो कुठेही बसला असता. मग गेली. भोजराज त्या स्टुलाला हात लावू शकला नाही.

त्याला युक्काच्या खोलीत जाऊन सगळं सांगावंसं वाटलं, आणि या वेळी त्यानं सांगितलं. केशोराव, दोन वाटा, एका घरचं पाणी, ओमेश. युक्काचे डोळे सुजलेले होते. त्यानं सगळं ऐकून घेतलं. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो फक्त म्हणाला, "मी तुला विचारलं होतं."

भोजराजनं आयुष्यात पुष्कळ साहेब पाहिले होते. खरोखर विचारणारा साहेब असू शकतो हे त्याला तेव्हा कळलं. कळून करायचं काय?

मोहिमेची मुदत संपली, तो पदक घेऊन परत आला. गोंदियात सत्कार झाला. निवेदक हिंदीतून म्हणाला, "हमारे भोजराज साहब ने पूरे देश का नाम रोशन किया है," आणि टाळ्या झाल्या. शाल अंगावर घेतलेला भोजराज खुर्चीच्या अगदी टोकावर बसला होता, जणू तीही त्या स्टुलासारखी कुणीतरी त्याच्यासाठी राखून ठेवलेली. घरी दुर्पतानं विचारलं, तिथं काही झालं का? एक मानूस मेला, तो म्हणाला. तुमचा कोन होता? कोनी नाही. तिनं ताट वाढलं आणि पुन्हा विचारलं नाही. बाजाराच्या वाटा तेव्हापासून दोनाच्या तीन झाल्या.

वर्षं गेली. जंगल शांत झालं म्हणतात. वर्तमानपत्रात बंदुका खाली ठेवणाऱ्यांचे फोटो येऊ लागले, ज्या सडकेनं दिवसाही गाडी जात नसे तिच्यावरून आता शाळेची बस जाते. भोजराज जंगलातल्याच एका ठाण्याचा ठाणेदार झाला होता. वरून हुकूम आला, की आता लोकांचा भरवसा मिळवायचा. प्रत्येक गावाला एक पोलीस, ठरलेला वार, ठरलेली भेट. सोबत असंही लिहिलं होतं, की सलामे यांना परदेशातल्या अशाच कामाचा अनुभव आहे, तेव्हा त्यांच्या ठाण्यानं आदर्श घालून द्यावा. भोजराजनं ते दोनदा वाचलं. मग हुकूम तो हुकूम म्हणून गावं वाटून दिली.

जंगलाच्या आतला एक टोला, म्हणजे चार घरांची वस्ती, दिव्या मारबतेच्या वाट्याला आला. त्याचंही नाव नको, दोन्ही ठिकाणं बिननावाचीच राहू देत. दिव्या तिरोड्याकडची, बोदलकशाच्या तलावावर मासे धरणाऱ्या ढिवराची पोरगी, नोकरीला नवीन, आणि बडबडी. बुधवार तिथल्या बाजाराचा वार. त्या दिवशी बाया मजुरीला जात नाहीत, म्हणून तिनं बुधवारच धरला. स्कूटीनं पाटाच्या कडेची सडक धरून जायची, मोरी ओलांडली की टोला. तिथं जमुनाबाई नावाची एकटी म्हातारी होती, तिच्या घरापुढच्या छपरीत दिव्या बसायची.

ही जमुनाबाई टोल्याच्या डोळ्यांत सलत होती. शेजारच्या मनीरामचं लेकरू तापानं गेलं, आणि म्हातारीनं काही केलं अशी कुजबूज उठली. कुठल्याशा भगतानं तिच्या घराकडे बोट दाखवलं. पण दर बुधवारी वर्दीतली पोरगी त्याच म्हातारीच्या छपरीत बसून तिच्या हातचा काळा चहा पिते, हे सगळा टोला बघत होता. ज्या हातचा चहा पोलीस पिते त्या हाताला करणी करणारा हात म्हणायची कुणाची छाती होत नव्हती. कुजबूज तोंडातल्या तोंडात राहिली. दिव्याला हे नीट समजलेलं होतं. आरोग्य सेविकेला आणि अंधश्रद्धेविरुद्ध काम करणाऱ्या मंडळींना घेऊन पुढे एकदा बैठकच लावायची, असं तिनं मनाशी ठरवलं होतं. ते ती साहेबांना सांगणारच होती, नीट जुळवून.

त्याआधी एका बुधवारी ती टोल्यावरून परतली आणि कौतुकानं फुललेली साहेबांसमोर उभी राहिली. "सर, जमुनाबाई आता माझ्यासाठी खाट टाकूनच ठेवते. दुसऱ्या कोनाले बसू देत नाही. मी कोनत्या वाटेनं येतो, किती वाजता येतो, पोट्ट्यायले बी पाठ झालं. मोरीपर्यंत घ्यायले येऊन राहतात."

भोजराज तिच्याकडे बघतच राहिला. ती समोर उभी होती, पण त्याला ती टोल्यातल्या त्या खाटेवर बसलेली दिसत होती, आणि खाटेच्या जागी सांतिनोचं स्टूल. तिला वाटलं साहेब खूश झाले. तिनं सॅल्यूट ठोकला आणि गेली.

दुसऱ्या दिवशी हजेरीच्या वेळी त्यानं सांगितलं, की टोल्याच्या ठरलेल्या भेटी बंद. मारबते ठाण्यातच वायरलेसवर बसतील. टोल्यावर बंदुकधारी शिपायांची पार्टी जाईल, वार ठरवायचा नाही, वाट ठरवायची नाही, कुणाच्या घरी बसायचं नाही. कारण त्यानं सांगितलं नाही. कारण सांगायचं तर सांतिनोचं नाव घ्यावं लागलं असतं, आणि ते नाव त्यानं परत आल्यापासून कुणापुढेही घेतलं नव्हतं. शेवटी तो म्हणाला, "काही शंका?"

दिव्याचे ओठ हलले. ते त्यानं पाहिले, आणि हातातल्या टोपीकडे बघू लागला. रांगेसोबत ती म्हणाली, "नाही सर."

माझा राग कुणावर काढू? या खात्यानं जन्मभर या माणसाचं तोंड शिवलं, आणि त्याच्याच हातून पुढच्या पोरीचं शिवून घेतलं. त्यात त्याला जीव वाचवल्याचं समाधान होतं, हे तर आणखीच वाईट. त्या आठवड्यात तो दुर्पताशी दोन वाक्यं जास्त बोलला.

पार्टी टोल्यावर जात राहिली. कधी सकाळी, कधी दुपारी, कधी नाल्याच्या अंगानं, कधी पहाडीवरून. बंदुका घेतलेली अनोळखी माणसं यायची, विहिरीवर पाणी प्यायची आणि निघून जायची. जमुनाबाई बुधवारी छपरीत खाट टाकायची. संध्याकाळी उचलायची. टोल्यातल्या बाया धान्य पाखडता पाखडता ती रिकामी खाट बघायच्या, मनीरामच्या घरचे बघायचे. पोलिसीणबाईनं हिच्या घरी येणं सोडलं, म्हणजे तिलाही काहीतरी दिसलं असेल, असं कुणीतरी म्हणालं. कुजबूज तोंडातून बाहेर आली. मग आणखी एक लेकरू तापानं आजारी पडलं.

बातमी आली ती बुधवारीच. जमुनाबाईला घरातून ओढून मारलं होतं, माणसांनी आणि काही बायांनीही. भोजराज घाईत निघाला. बाईचं प्रेत म्हणून दिव्याला सोबत घ्यावं लागलं. ड्रायव्हर उदारामनं विचारायच्या आत भोजराज म्हणाला, जवळच्या वाटेनं घे. जवळची वाट म्हणजे पाटाची.

टोला सुन्न होता. रोवणीचे दिवस, पण बांधांवर कुणी नव्हतं, दारं लोटलेली. जमुनाबाई विहिरीपासून जरा अलीकडे पडली होती, कुणीतरी तिच्यावर पोतं टाकलं होतं. एवढीशी दिसत होती. मनीराम आपल्या उंबऱ्यावर बसून होता, पळालाही नव्हता. लेकरू गेल्यापासून हा माणूस नीट झोपला नाही, एवढंच त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं. पंचनामा झाला. भोजराजनं सगळं करायचं ते केलं, आवाज न चढवता, जसं त्यानं कायम केलं.

दिव्यानं पोतं बाजूला केलं, बघायचं ते बघितलं, पुन्हा झाकलं. मग ती छपरीत गेली. खाट टाकलेली होती. बाजूला जर्मनच्या भगुण्यात चहाचं पाणी काढून ठेवलेलं, चूल मात्र पेटवलेली नव्हती. दिव्या खाटेवर बसली आणि बसूनच राहिली. प्रेत गाडीत चढलं तरी उठली नाही. भोजराज जवळ गेला तेव्हा तिनं मान वर केली. एरवीची बडबडी पोरगी, हळू बोलली.

"सर, तुम्ही मले काऊन बंद केलं? मी काही चुकीचं करून राहिली होती का?"

त्याच्या जिभेवर सांतिनो आला. स्टूल आलं, चहा आला, युक्काचे सुजलेले डोळे आले. सांगावं असं त्याला वाटलं, आता तरी सांगावं. पण काय सांगणार? एकीकडे रोज गेला म्हणून एक माणूस मेला, आणि दुसरीकडे कुणी गेलं नाही म्हणून ही मेली? पोरीनं यातून काय शिकावं?

"नाही," तो म्हणाला. "तुझं काही चुकलं नाही."

"मंग मी तेव्हा बोलली काऊन नाही, सर?" ती म्हणाली. "मले सांगायचं होतं. तिच्याबद्दल सगळं सांगायचं होतं. तुम्ही विचारलं होतं न."

भोजराज खाटेपासून वळला. तिथून गाडीपर्यंत किती लांब होतं, कोण जाणे.

उदारामनं किल्ली फिरवली. गेली कित्येक वर्षं तो साहेबांना हाच प्रश्न विचारत आला होता, आणि उत्तर ठरलेलं असायचं. "साहेब, वापस नाल्याकडून घेऊ का पहाडीवरून?"

"आलो त्याच वाटेनं," भोजराज म्हणाला.

उदारामनं आरशातून दोनदा त्याच्याकडे बघितलं. मग गाडी पाटाच्या सडकेला लावली. मोरी जवळ आली तशी भोजराजनं समोरच्या दांडीवरचा हात काढून मांडीवर ठेवला. काहीतरी व्हावं, असंच त्याला त्या क्षणी वाटत होतं. काहीतरी झालं असतं तर त्यानं टोल्यावरच्या भेटी बंद केल्या त्याला अर्थ तरी राहिला असता, ती म्हातारी एखाद्या खऱ्या भीतीपायी तरी गेली असती.

मोरी मागे पडली. पाट काठोकाठ भरून वाहत होता. पुढच्या गावाच्या बांधांवर बाया वाकून धान रोवून राहिल्या होत्या, त्यातल्या एकीनं कंबर सरळ करून गाडीकडे बघितलं. शाळेची बस समोरून आली, उदारामनं बाजू दिली, खिडकीतून पोरांनी हात हलवले. वाटेत काहीही झालं नाही. सगळे सुखरूप ठाण्यावर पोचले.